मेलॅनोमाच्या डेटात इम्यून जीन्स चढे दिसतात, ते ट्यूमरमुळे की लिंफ नोडमुळे?

प्रश्न: जुळे_सोलापूर

नमस्कार मंडळी,

मी सोलापुरात एम.एस्सी. बायोटेकच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्ट मेलॅनोमावर घेतलाय, म्हणजे त्वचेत रंग बनवणाऱ्या पेशींचा कर्करोग. ट्यूमरमध्ये कोणत्या इम्यून पेशी शिरल्यात हे जीन एक्स्प्रेशनवरून सांगता येतं का, आणि त्यावरून रुग्ण किती जगेल याचा काही अंदाज येतो का, हे बघायचंय. आमच्याकडे सीक्वेन्सिंगची सोय नाही, त्यामुळे सगळं काम अमेरिकेतल्या टीसीजीए या कर्करोगाच्या जीन्सच्या प्रकल्पाच्या खुल्या डेटावर चाललंय. त्यातला एसकेसीएम हा संच मेलॅनोमाचा. साधारण ४७० नमुने, प्रत्येकाचं आरएनए सीक्वेन्सिंग झालेलं आणि सोबत रुग्णाची माहिती. आठ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर एवढं चालतं. फक्त एप्रिलात आमच्याकडे दुपारी मशीन इतकं तापतं की बंदच पडतं, म्हणून मोठे रन पहाटे लावते.

दोन गोष्टी केल्या. सायबरसॉर्ट हा प्रोग्राम चालवून प्रत्येक नमुन्यात २२ प्रकारच्या इम्यून पेशींचं प्रमाण काढलं. आणि जीझेडएमए व पीआरएफ१ या दोन जीन्सचा भूमितीय मध्य घेतला. ग्रँझाइम आणि परफॉरिन ही मारक टी-पेशींची हत्यारं, त्यामुळे हा आकडा चढा असेल तर आत लढाई चालू आहे असं धरतात. मग मध्यकावर नमुन्यांचे दोन गट पाडले आणि कॅप्लान-मायर, म्हणजे किती रुग्ण किती काळ जगले याचा आलेख, काढला. दोन्ही रेघा एकमेकींपासून चांगल्या लांब गेल्या. चढ्या गटातले रुग्ण जास्त जगलेत. गाइड सर खूश, म्हणाले हेच लिहून टाक.

पण मला ते पटेना. नमुना शरीराच्या कुठल्या भागातून घेतला याचा रकाना शेजारी लावून बघितला. चढ्या गटात लिंफ नोडमधले नमुने गच्च भरलेत, उतरत्या गटात त्वचेवरचे मूळ ट्यूमर जास्त. आता लिंफ नोड (लसिका गाठ) हे टी आणि बी या इम्यून पेशींचं घरच. तिथला तुकडा कापल्यावर सीडी३डी, सीडी८ए, एमएस४ए१ ही त्या पेशींची जीन्स दिसणारच की, ट्यूमरशी कुणी लढत असो वा नसो! मग मी मोजलं ते नेमकं काय?

दुसरी शंका त्वचेवरच्या नमुन्यांची. त्यातल्या बऱ्याच ठिकाणी केआरटी५ आणि केआरटी१४ ही केराटिनची जीन्स भरपूर आहेत. टीसीजीएच्या २०१५ च्या पेपरात इम्यून, केराटिन आणि एमआयटीएफ-कमी (रंगपेशींचं एमआयटीएफ हे जीन कमी असलेला) असे तीन गट पाडलेत. हा केराटिन गट म्हणजे खरंच वेगळ्या जातीचा मेलॅनोमा, की शेजारची साधी त्वचा तुकड्यात आलीय?

माझ्या निकालात खरं किती उरतं हे मला कळायला हवंय. सबमिशनला अजून वेळ आहे.

उत्तर: आकडेमोड

तुमची शंका रास्त आहे, आणि तिच्या पाठीमागे अजून एक अडचण उभी आहे. ती बहुतेक जण बघतच नाहीत, म्हणून आधी तीच सांगतो.

एसकेसीएममध्ये रुग्णाचा काळ पहिल्या निदानापासून मोजलेला असतो. नमुना मात्र पुष्कळदा नंतर घेतलेला. समजा एकाचा मूळ ट्यूमर २००२ साली काढला आणि तो २००९ साली लिंफ नोडमध्ये पसरला, तेव्हा नमुना गोळा झाला. तुमच्या आलेखात त्याची ही सात वर्षं जमेला धरली जातात. पण त्या सात वर्षांत तो गेला असता तर तो या डेटात आलाच नसता! म्हणजे ती वर्षं त्याला फुकट मिळाली. मूळ ट्यूमरचा नमुना निदानाच्या वेळीच घेतलेला असतो, त्या रुग्णाला अशी फुकट वर्षं मिळत नाहीत. आता जोडून बघा: फुकट वर्षं लिंफ नोडवाल्यांना, आणि चढे इम्यून जीन्सही लिंफ नोडवाल्यांनाच. इम्यून पेशींनी काहीही केलं नसतं तरी तुमच्या दोन रेघा लांब गेल्याच असत्या.

यावर उपाय आहे. क्लिनिकल फाइलमध्ये नमुन्याचं निदान पहिल्या निदानानंतर किती दिवसांनी झालं याचा रकाना आहे. तिथून पुढचाच काळ मोजा. किंवा कॉक्स मॉडेलमध्ये (जगण्याच्या काळावर कशाचा किती परिणाम होतो ते मोजणारं) रुग्ण त्या दिवसापासून अभ्यासात दाखल झाला असं सांगा. आर या संगणक भाषेच्या सर्व्हायव्हल पॅकेजमध्ये सुरुवात आणि शेवट असे दोन्ही वेळ देता येतात. नमुन्याची जागा स्ट्रॅटा म्हणून घाला, म्हणजे नोडची तुलना नोडशी आणि त्वचेची त्वचेशी होईल. वय आणि स्टेज हेही असू द्या. मध्यकावर दोन तुकडे पाडणं सोडा, आकडा सलगच ठेवा. मध्यकाच्या अगदी खाली आणि अगदी वर असलेल्या रुग्णांत काहीच फरक नसतो, तरी ते विरुद्ध गटांत जाऊन बसतात.

सायबरसॉर्टबद्दलही एक. तुम्ही नेहमीच्या पद्धतीने चालवलं असेल तर त्या २२ प्रकारांची बेरीज १ येते. शेंगाची चटणी चाखून कुणी सांगेल की लसूण इतका आणि तिखट इतकं, पण ताटात चमचाभर वाढलीय की वाटीभर, हे चवीवरून कळत नाही. तसंच आहे हे. एका ट्यूमरमध्ये इम्यून पेशी नावापुरत्या असतील आणि त्यांतल्या ३० टक्के सीडी८, म्हणजे मारक टी-पेशी, असतील, दुसरा इम्यून पेशींनी खच्चून भरलेला असेल आणि त्यातही ३० टक्केच. आकडा दोघांचा एकच. नमुन्या-नमुन्यांत तुलना करायची तर अ‍ॅब्सोल्यूट मोड वापरा. ग्रँझाइम-परफॉरिनच्या आकड्याला ही अडचण नाही, पण तो सीडी८चा आहे की एनके या दुसऱ्या मारक पेशींचा हे त्यावरून कळत नाही.

उत्तर: स्लाइडवाला

मी पॅथॉलॉजिस्ट आहे, बरीच वर्षं शिकवलंय. संख्याशास्त्रातलं मला फारसं कळत नाही, पण तुकड्यात काय असतं ते सांगू शकतो.

बाळ, आधी स्लाइड बघ. टीसीजीएच्या पोर्टलवर प्रत्येक नमुन्याच्या स्लाइड्सची चित्रं आहेत, ब्राउझरमध्ये उघडतात आणि झूम करता येतात. पण दोन जातीच्या स्लाइड्स असतात, त्यांची गल्लत करू नकोस. नावात डीएक्स असेल ती निदानाची, मेणाच्या ब्लॉकमधली. ती दिसायला सुंदर असते, पण तुझा आरएनए तिथला नाही. नावात टीएस किंवा बीएस असेल ती गोठवलेल्या तुकड्याची. आरएनएसाठी जो भाग गेला त्याच्या वरचा काप म्हणजे टीएस आणि खालचा बीएस. गोठवलेली स्लाइड फाटकी आणि बर्फाच्या भोकांनी भरलेली दिसेल, पण तुझ्या आकड्यांची खरी शेजारीण तीच. त्या स्लाइडच्या नोंदीत ट्यूमरच्या केंद्रकांची टक्केवारी, लिंफोसाइट किती, मृत भाग किती हेही भरलेलं असतं. तो तक्ता आधी उतरवून घे.

लिंफ नोड ओळखायचा कसा? कडेला तंतूंचं वेष्टण असतं, त्याच्या लगेच आत सायनसची फट असते आणि मग फॉलिकल्स, म्हणजे बी-पेशींचे गोल पुंजके. मेलॅनोमा नोडमध्ये शिरतो तो बहुधा आधी त्या कडेच्या सायनसमध्ये. नोड पुरता ट्यूमरने भरून गेला असेल तर मूळ ऊती जवळपास शिल्लकच राहत नाही. अशा तुकड्यात ट्यूमरच्या पेशींच्या अधेमधे शिरलेले लिंफोसाइट दिसले तर ते खरे शिरलेले. पण अर्धा तुकडा ट्यूमर आणि अर्धा शाबूत नोड असेल, तर तुझी शंका शंभर टक्के खरी. म्हणजे सगळे नोडवाले नमुने एका फटक्यात टाकून देऊ नकोस. त्यांत दोन जाती आहेत आणि त्या डोळ्यांनी वेगळ्या करता येतात. २०१५ च्या त्या पेपरात पॅथॉलॉजिस्टांनी हे पाहिलेलं आहे: लिंफोसाइट किती भागात पसरलेत याला ० ते ३ आणि किती दाट आहेत याला ० ते ३ असे गुण दिलेत. त्यांची बेरीज पुरवणी तक्त्यात आहे. तुझ्या जीन्सच्या आकड्याशी ती ताडून बघ.

नुसत्या जीन्सवर हे वेगळं करायला जाशील तर एका जागी अडशील. नोडच्या फॉलिकल्समध्ये सीआर२ हे जीन असतं. पण काही मेलॅनोमांच्या आतच बी-पेशींची बेटं तयार होतात, टर्शरी लिंफॉइड स्ट्रक्चर म्हणतात त्यांना, आणि ती पिकली की त्यांतही सीआर२ येतं. २०२० साली 'नेचर'मध्ये यावर एकदमच काही पेपर आले. अशी बेटं असलेल्या रुग्णांना इम्युनोथेरपीचा गुण जास्त येतो असं त्यांत दिसलं. म्हणजे एक बी-पेशी नोडमधली, आपल्या जागी बसलेली, आणि दुसरी ट्यूमरमध्ये येऊन घर केलेली. सीक्वेन्सिंगच्या आकड्यात दोघी सारख्याच. बेटाला वेष्टण नसतं, सायनस नसतो. ते स्लाइडवरच कळतं.

केराटिनचं म्हणशील तर मेलॅनोसाइट केराटिन बनवत नाही. केआरटी५ आणि केआरटी१४ ही त्वचेच्या तळच्या थरातल्या केराटिनोसाइटची जीन्स. मूळ ट्यूमरच्या तुकड्यावर वरची त्वचा राहिली की ती आलीच. त्या गटातले सगळे नमुने नुसती भेसळ, असं मी म्हणणार नाही, पण टीएस स्लाइडवर एपिडर्मिस दिसतोय का हे बघितल्याशिवाय त्याला वेगळी जात म्हणू नकोस.

आणि एक गोष्ट आकडेमोडांच्या मुद्द्याला जोडून. आमच्याकडे पातळ मेलॅनोमा आला तर तो अख्खा निदानालाच जातो, गोठवायला काही उरत नाही. ब्रेस्लोने १९७० साली मेलॅनोमाची खोली मिलिमीटरमध्ये मोजायची पद्धत दिली, आणि अजूनही रुग्णाचं पुढे काय होणार हे सांगायला तीच मोठी कामाची. टीसीजीएत जे मूळ ट्यूमर आले ते जाड होते, कारण जाड ट्यूमरमधूनच तुकडा काढून देता येतो. जाड म्हणजे धोका मुळातच जास्त. तुझ्या उतरत्या गटात हेच बसलेत.

प्रतिसाद: जुळे_सोलापूर

सर, आकडेमोड दादा, मनापासून आभार. वेळेचा मुद्दा मला कुठल्याच ट्यूटोरियलमध्ये दिसला नव्हता. आणि तिन्ही गोष्टी एकाच दिशेला ढकलतात हे वाचून गप्पच झाले: नोडमध्ये इम्यून पेशी मुळातच जास्त, नोडवाल्यांना फुकट वर्षं, आणि मूळ ट्यूमर निवडून जाड.

काल रात्री टीएस स्लाइड्स उघडायला सुरुवात केली. सर म्हणाले तसंच आहे. एका नमुन्यात माझा इम्यून आकडा सगळ्यांत वरच्यांपैकी होता. स्लाइडवर उजव्या बाजूला जांभळट गोल फॉलिकल्स ओळीने बसलेली, आणि ट्यूमर डावीकडे एका पट्ट्यात. मध्ये जवळजवळ सरळ सीमा, आणि ट्यूमरच्या पट्ट्यात लिंफोसाइट शोधावे लागत होते. दुसऱ्या एका नमुन्यात आकडा जवळपास तेवढाच, पण तिथे फॉलिकल नाहीच, ट्यूमरच्या मोठ्या फिकट पेशींच्या मधून बारीक काळे ठिपके सगळीकडे पसरलेले. दोन्ही नमुने माझ्या एकाच गटात शेजारीशेजारी होते.

हा विषय का घेतला तेही सांगते. माझ्या मावशीच्या तळपायाला काळा डाग होता. मोहोळ तालुक्यात शेती, अनवाणी चालायची सवय. सगळे कुरूपच म्हणत राहिले. एका दवाखान्यात ते कापूनही झालं, पण कापलेलं तपासायला कुणी पाठवलं नाही. जांघेत गाठ आली तेव्हा बायोप्सी झाली, तीही त्या गाठीतूनच, म्हणजे लिंफ नोडमधून. अ‍ॅक्रल मेलॅनोमा निघाला, म्हणजे तळव्यावर किंवा नखाखाली होणारा. मावशी आता नाही.

म्हणून सर, एक विचारते. टीसीजीएचा डेटा मावशीसारख्या रुग्णाबद्दल काही सांगतो का?

उत्तर: स्लाइडवाला

मावशींचं वाचून वाईट वाटलं. कापलेलं काहीही असो, ते फॉर्मॅलिनमध्ये टाकून पॅथॉलॉजीला पाठवायचंच, हे मी प्रत्येक बॅचला घसा फोडून सांगत आलोय. तळव्यावरचा किंवा नखाखालचा काळा डाग वाढत असेल, कडा वेड्यावाकड्या असतील, त्यातून पाणी किंवा रक्त येत असेल, नखाच्या मुळाशी कातडीवर काळपटपणा उतरत असेल, तर कुरूप म्हणून कुणी बसू नये. इथे वाचणाऱ्या सगळ्यांनी हे घरी सांगा.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर: फार थोडं सांगतो. एसकेसीएममधले बहुतेक रुग्ण गोरे आणि बहुतेक ट्यूमर उन्हाने झालेले. त्यांच्या डीएनएत अतिनील किरणांच्या खुणांचा नुसता सडा असतो, आणि निम्म्याच्या आसपास ट्यूमरमध्ये बीआरएएफ जीन बिघडलेलं असतं. तळव्याचा मेलॅनोमा उन्हाचा नाही. त्यात असे बारीक बदल कमी, पण गुणसूत्रांचे मोठे तुकडे वाढलेले किंवा हरवलेले असतात, बीआरएएफ कमी वेळा आणि केआयटी तुलनेने जास्त वेळा बिघडलेलं असतं. बारीक बदल कमी म्हणजे टी-पेशीला परकं वाटेल असं प्रथिनही कमी. अ‍ॅक्रलच्या एकेका पेशीच्या अभ्यासांत मारक टी-पेशी कमी आणि थकलेल्या जास्त दिसल्यात, हे त्याच्याशी जुळतं. सावळ्या आणि काळ्या कातडीच्या लोकांत मेलॅनोमा एकूण विरळ, पण होतो त्यात तळवा आणि नख यांचा वाटा मोठा. प्रबंधात ही मर्यादा एका ओळीत उरकू नकोस, नीट परिच्छेद लिही.

अजून एक, पुढे कधी तुला ऊतीवर काम करायला मिळालं तर उपयोगी पडेल. स्लाइडवर सीडी८ पेशी रंगवताना रंग नेहमीसारखा तपकिरी घेतलास तर गडद मेलॅनोमात फसशील, कारण मेलॅनिनही तपकिरीच असतं. त्यात मेलॅनिन गिळून बसलेल्या मॅक्रोफेज पेशी असतात, त्या तर हमखास चकवतात. लाल रंग देणारं रसायन वापरायला सांग. मेलॅनिन आरएनएसोबतही उतरतं आणि पीसीआर अडवतं, त्यामुळे आरएनएचं द्रावण काळपट दिसलं तर ते तसंच पुढे ढकलू नकोस.

उत्तर: बार्शीकर

थोडक्यात भर घालतो. आपल्या जिल्ह्यात बार्शीला १९८७ पासून ग्रामीण कॅन्सर नोंदणी चालू आहे, देशातली पहिली ग्रामीण नोंदणी. गावोगाव जाऊन रुग्ण शोधायचे, घरी बोलायचं, कागद बघायचे अशी ती पद्धत. ताईंना स्थानिक संदर्भ हवा असेल तर तिथून प्रकाशित झालेले आकडे बघा. मेलॅनोमा त्यात अगदी कमी असणार, पण कमी का आणि कुठल्या जागेचा, हे लिहायला ते कामी येतील.

उत्तर: एकेक_पेशी

उशिरा आलो, एक रस्ता सुचवतो. एकूण तुकड्याच्या आकड्यावरून जीन कुठल्या पेशीचं हे कळत नाही, पण एकेका पेशीचा डेटा खुला आहे आणि तो तुमच्या लॅपटॉपवरही चालेल. २०१६ साली 'सायन्स'मध्ये १९ रुग्णांच्या ४,६४५ पेशींचा अभ्यास आला, जीईओ या खुल्या डेटाच्या संकेतस्थळावर जीएसई७२०५६ या क्रमांकाने सापडेल. २०१८ साली 'सेल'मध्ये इम्युनोथेरपी घेतलेल्या ३२ रुग्णांच्या १६,२९१ इम्यून पेशी आल्या, क्रमांक जीएसई१२०५७५. दुसऱ्यात मला फार महत्त्वाचं वाटलेलं असं: ज्यांना औषध लागू पडलं त्यांच्यात टीसीएफ७ हे जीन चालू असलेल्या सीडी८ पेशी जास्त होत्या. म्हणजे सीडी८ किती एवढंच विचारून भागत नाही, कुठल्या अवस्थेतल्या हेही विचारावं लागतं.

तुमच्या नोडच्या अडचणीला मात्र टीसीएफ७ चालणार नाही, कारण नोडमधल्या नवख्या टी-पेशीतही ते असतं. त्यापेक्षा सीसीआर७, एसईएलएल आणि एलईएफ१ या नवख्या टी-पेशींच्या जीन्सची सीडी३डीशी तुलना करा. ते जास्त असतील तर लढाई न पाहिलेल्या, नोडमध्ये बसलेल्या पेशी असण्याची शक्यता मोठी. सीएक्ससीएल१३ वर विसंबू नका. ट्यूमरमध्ये ते थकलेल्या सीडी८ पेशी बनवतात आणि नोडमध्ये फॉलिकलमधल्या पेशी, दोन्हीकडे चढंच दिसेल.

प्रतिसाद: जुळे_सोलापूर

सगळ्यांचे आभार. असं ठरवलंय: नोडचे नमुने टीएस-बीएस स्लाइडवरून दोन गटांत वेगळे करायचे, शाबूत नोड असलेले आणि ट्यूमरने पुरते भरलेले. वर्गवारी करताना इम्यूनचा आकडा झाकून ठेवणार, म्हणजे मन कलणार नाही. मग वेळ नमुन्यापासून मोजून, जागेच्या स्ट्रॅटासह कॉक्स. सीसीआर७ आणि सीडी३डीचं गुणोत्तर माझ्या स्लाइडच्या वर्गवारीशी जुळतं का हे वेगळ्या प्रकरणात.

एकच अडचण राहिली. स्लाइड एकटीने वाचली तर ती परीक्षेत कोण मानणार?

उत्तर: स्लाइडवाला

बरोबर प्रश्न. दुसरा वाचणारा लागतोच. तुझी यादी दे, वर्गवारी देऊ नकोस. मी स्वतंत्रपणे बघतो, मग कुठे जुळलं आणि कुठे नाही ते काढू. कप्पा (दोघांची वर्गवारी किती जुळते याचा आकडा) मोजता येत असेल तर आकडेमोडांना विचार. पहिले पन्नास नमुने पाठव, मला सकाळी वेळ असतो.

उत्तर: आकडेमोड

कप्पाचा कोड मी देतो. आणि आकडे बघायच्या आधी तुमची ही योजना तारीख घालून गाइड सरांना मेल करून ठेवा. फरक उरो वा न उरो, व्हायव्हाला तो मेल दाखवता येईल.